विश्वामित्रीचा काठ

छायाचित्रात हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात जबडा उघडून पडलेली ही मगर वडोदरा शहराच्या मध्यात, विश्वामित्री नदीच्या काठावर आहे. तिच्या मागे मातीच्या दरडीत जे काळे भोक दिसते ते तिचे बीळ. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी अशाच काठावर खड्डा करून २५-३० अंडी घालते आणि पावसाळ्याच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. पावागडाच्या डोंगरात उगम पावणाऱ्या विश्वामित्रीचा काठ जोवर मातीचा आहे, तोवरच हे दृश्य आहे.

बिघडलेली नदी माणसाने पुन्हा घडवली, तर तिला खरी नदी म्हणावे का? १९८२ साली रॉबर्ट इलियट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने घडवलेल्या निसर्गाची तुलना नकली चित्राशी केली. ‘आधी खणू द्या, नंतर होते तसे करून देऊ’ या खाणवाल्यांच्या आश्वासनावर त्यांचा रोख होता. नक्कल हुबेहूब साधली तरी तिला मुळाचे मोल येत नाही, कारण ते मोल उगमात असते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयातले राजा रविवर्मांचे तैलचित्र आणि आजीच्या देवघरावरची छापील तसबीर यांतला फरक ती घरे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

तरीही ही तुलना नदीला पुरती लागू पडत नाही, असे आम्हांला वाटते. फाटलेले चित्र आपणहून सांधत नाही. नदी मात्र सांडपाणी थांबले आणि पुराला पसरायला कोतरे, म्हणजे काठच्या घळी, मोकळ्या राहिल्या, तर गाळ, गवत आणि मासे यांच्या बळावर स्वतःच सावरू लागते. म्हणून पुनरुज्जीवन म्हणजे निर्मिती नव्हे, साहाय्य. शिवाय कोणती विश्वामित्री परत आणायची? सयाजीराव महाराजांच्या काळात वरच्या अंगाला, शहराच्या पाण्यासाठी आजवा सरोवर झाले, तेव्हाच तिचे वाहणे बदलले होते. त्यामुळे गेलेल्या नदीची प्रतिकृती हे ध्येय असू शकत नाही. वाहण्याची, पसरण्याची आणि बीळ धरू देण्याची तिची क्षमता जपणे, हे असू शकते.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुराचे पाणी घरांत शिरले, मगरी वस्त्यांत आल्या आणि पुढच्या वर्षी पात्र रुंद व खोल करण्याचे काम सुरू झाले.

या दुसऱ्या छायाचित्रात दिसतो तो त्याच कामात यंत्राने तासलेला उतार आहे. त्याच्या पलीकडे, बाभळीच्या मुळांनी धरलेल्या जुन्या दरडीत, तीन बिळे दिसतात.