परळचा सात देहांचा शिव

(दृश्य: परळ गावातली गल्ली. बारादेवीच्या देवळाचं दार.)

१९३१ साल. परळ आणि शिवडीच्या मधे रस्त्याचं काम चाललं होतं. खणता खणता मातीतून एक अखंड शिळा वर आली. अकरा फुटांहून उंच, रंगानं फिकट. मुंबईचा आपला दगड म्हणजे काळा पाषाण. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी त्यातच कोरलेली. ही शिळा त्यातली नव्हे.

गावकऱ्यांनी तिला जवळच्या बारादेवीच्या देवळात आणलं. आजही ती तिथेच एका खोलीत उभी आहे, आणि तिची पूजा होते. परळला रोज लाखो माणसं उतरतात. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

(दृश्य: खोलीतला अंधार. दिव्याचा उजेड शिळेवरून खालून वर सरकतो.)

इथे जरा थांबूया. नजर खालून वर न्या.

मधोमध शिव ताठ उभा आहे. त्याच्या डोक्यामागून दुसरा शिव वर येतो. दुसऱ्याच्या मागून तिसरा, आणि त्याचे हात पंख्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले. झाडाच्या बुंध्याला कोंभ फुटावा तसे डावीउजवीकडे आणखी दोन-दोन शिव तिरपे उसळलेत. एकूण सात. शिवातून शिव उगवतोय, आणि एकाही चेहऱ्यावर घाई नाही. जटा नीट बांधलेल्या, मुद्रा शांत.

अनेक तोंडांचे, अनेक हातांचे देव आपल्याला नवे नाहीत. पण इथे कारागिरानं एकाच देहाला जास्तीचे अवयव जोडलेले नाहीत. त्यानं वाढ कोरली. दगड जागचा हलत नाही, तरी बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते. दीड हजार वर्षांपूर्वी, पाचव्या-सहाव्या शतकात, हे कुणाच्या तरी मनात आलं आणि छिन्नीनं उतरलं. माझ्या मते घारापुरीच्या भव्य सदाशिवाइतकंच हे धाडसाचं काम आहे. घारापुरीला बोटी भरून माणसं जातात. परळला या दारापाशी फार तर शेजारची एखादी आजी फुलं घेऊन येते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात या शिल्पाचा साचा काढून केलेली प्रतिकृती आहे. तीही जरूर बघा. पण तिथे उदबत्तीचा वास नाही.

(दृश्य: शिळेचा तळ. वाद्यं घेतलेले गण.)

आता अगदी पायाशी या. इथे शिवाचे गण बसलेत, हातात वाद्यं घेऊन. हे काम अर्धवट राहिलंय. वरचे चेहरे गुळगुळीत झालेत, आणि इथे अंग अजून दगडातून पुरतं सुटलेलं नाही. एका गणाच्या अंगावरून बोट फिरवावंसं वाटतं.

(दृश्य: लालबाग-परळचा गणपतीचा कारखाना. श्रावणातली रात्र.)

देवळापासून थोड्याच अंतरावर गणपतीचे कारखाने आहेत. शाडूचा, प्लास्टरचा, रंगाचा वास. मूर्ती पूर्ण झाली, रंग चढला, की सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. ती करायला जुना जाणता माणूसच बसतो. श्वास रोखून, बारीक कुंचल्यानं एक रेघ ओढतो. शेजारची पोरं तेवढा वेळ बोलायची थांबतात.