शून्य बाइटची फाइल

[हायकूची विंडो, ईमेलची यादी]

ही हायकू, संगणकाची एक ऑपरेटिंग सिस्टिम. ईमेलची यादी दिसतेय, पण ईमेलचा कुठलाही प्रोग्राम चालू नाही. हे साधं फोल्डर आहे. इथे प्रत्येक पत्र म्हणजे डिस्कवरची वेगळी फाइल. कोणाकडून आलं, विषय काय, कधी आलं, हे त्या फाइललाच चिकटलेलं असतं. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा, यादी हवी तशी लागते.

[बीबॉक्सवरचे दिवे वर-खाली होताना]

याची सुरुवात या बीबॉक्सपासून. ॲपल सोडलेल्या जाँ-लुई गासे यांच्या 'बी' कंपनीनं हे यंत्र 1995 मध्ये आणलं. आत दोन प्रोसेसर. कोण किती राबतोय, ते दिव्यांच्या या दोन ओळी सांगतात.

त्यावरच्या बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुरुवातीला फाइली एकीकडे आणि त्यांच्या नोंदींचा डेटाबेस दुसरीकडे होता. फाइल पुसली तर डेटाबेसला कळवायचं, हलवली तर पुन्हा कळवायचं. दोघांचा मेळ राखताना काम मंदावायचं आणि मेळ तरीही चुकायचा. म्हणून सप्टेंबर 1996 मध्ये डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल मेरियों यांनी नवी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याची व्यवस्था, लिहायला घेतली. दहा महिन्यांत ती उभी राहिली. वेगळा डेटाबेस गेला. नोंद फाइलसोबत राहू लागली आणि तिचा इंडेक्स, म्हणजे क्रमवार सूची, फाइल सिस्टिमच सांभाळू लागली. त्यामुळे शोधताना डिस्कवरची एकेक फाइल उघडून बघावी लागत नाही. मात्र इंडेक्स आधी तयार हवा. त्याआधीच्या फाइली शोधात सापडत नाहीत.

[क्वेरीची विंडो]

पाठवणारी मावशी, पत्र न वाचलेलं. एवढंच विचारलंय. तीन पत्रं आली. विंडो तशीच उघडी ठेवू... हे बघा, चौथं आलं. पुन्हा शोधावं लागलं नाही.

[मावशीच्या नावाची फाइल, आकाराचा रकाना]

आणि ही मावशीची स्वतःची फाइल. फोन, पत्ता, ईमेल, सगळं आहे. आकार बघा: 0 बाइट. फाइलच्या पोटात काहीच नाही, जे आहे ते सगळं नोंदींत.

2001 मध्ये बी कंपनीची मालमत्ता हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या पामनं विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचा याच धर्तीचा विनएफएस हा प्रकल्प 2006 मध्ये बारगळला. ॲपलच्या 2005 च्या स्पॉटलाइट या शोधसुविधेमागे जाम्पाओलोही होते, पण तिथे इंडेक्स पुन्हा वेगळा झाला. बीओएसची मूळ रीत हायकूनं जपली, 2001 पासून, स्वयंसेवकांच्या बळावर.

[पेन ड्राइव्ह लावताना हात]

मावशीची फाइल फॅट फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर टाकू, आणि परत आणू. या फॉरमॅटमध्ये अशा नोंदींना जागा नसते. नाव आलं. फोनचा रकाना रिकामा. पत्त्याचाही.

आता तीच फाइल आधी हायकूतच झिप करू, मग ड्राइव्हवर टाकू. परत आणली, उघडली.

फोन आहे. पत्ता आहे.