फेकलेलं सगळं आणायचं नसतं

मंडळी, पत्रिकेवर आज तीन गोष्टी छापल्यात: कुत्र्याच्या पिल्लाला वस्तू आणायला कसं शिकवायचं, रानात पक्षी हुंगून काढायला कसं शिकवायचं आणि सापडल्यावर पॉइंट धरून, म्हणजे पक्ष्याकडे नाक रोखून निश्चल, उभं राहायला कसं शिकवायचं. तिन्हींवर बोलेन म्हणतो. पण आत येताना एका ताईंनी दारातच अडवून विचारलं, "शिकार शिकवणार का हो तुम्ही?" नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे तितरामागे कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मी सांगणार ते सगळं इंग्लंड-स्कॉटलंडमधलं. तिथे जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरी करताना इस्टेटींवरच्या गेमकीपर, म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्या, लोकांकडे बघून जे शिकलो ते.

मग पुण्यात त्याचा काय उपयोग? तर या सभागृहात निम्म्या लोकांच्या घरी लॅब्राडॉर नाहीतर गोल्डन रिट्रीव्हर आहे. गोल्डनचं तर गोत्रही नोंदलेलं आहे. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनी स्कॉटलंडमध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड जातीची पाणस्पॅनिएल यांची जोडी लावली, १८६८ साली पिल्लं झाली. ती कशासाठी? पडलेला पक्षी पाण्यातून, झुडपातून अलगद उचलून आणायला. तुमच्या सोफ्यावर झोपलेला तो त्यांचाच वंशज.

आणि या वंशजाचं आपण काय करतो? संध्याकाळी कुठल्याही मैदानावर जा. मालकाच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चेंडू फेकायचा तो प्लॅस्टिकचा लांब दांडा. फेक, आण. फेक, आण. कुत्र्याची जीभ जमिनीला लागायची बाकी असते, आणि मालक फोनवर सांगतो, "हो, एक्झरसाइज चालू आहे." पिल्लू आठ महिन्यांचं, सांध्यांची वाढ पुरी व्हायची आहे, आणि दर फेरीला ते पूर्ण वेगात करकचून ब्रेक मारतंय. पण सांधे एक वेळ बाजूला ठेवा, ते तुमचे डॉक्टर बघतील, बिलासकट. माझी तक्रार वेगळी आहे. त्या पिल्लाच्या डोक्यात काय पक्कं होतं? हवेत काही हललं की धावायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही.

माझ्या ओळखीचा एक गेमकीपर होता. त्याच्याकडे काळी लॅब्राडॉर पिल्ली होती, नुकतीच कामाला घेतलेली. तो तिला गवतात बसवायचा आणि कॅनव्हासच्या हिरव्या डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी आणायला द्यायच्या गुंडाळ्या, चहूकडे फेकायचा. अर्धा किलोच्या आसपास वजनाच्या. मग स्वतः चालत जाऊन एकेक उचलून आणायचा! पिल्ली बसून बघतेय, आणि साठीचा माणूस काटेरी झुडपात वाकतोय. मला वाटलं, पगारात कुत्र्याचं कामही धरलेलं दिसतंय. (हशा) शेवटची एक डमी मात्र तो राखून ठेवायचा. बराच वेळ थांबायचा, तिची चुळबुळ शमू द्यायचा आणि मग हळूच तिचं नाव घ्यायचा. ती अशी सुटायची! मी विचारलं, बाकीच्या का नाही देत? तो म्हणाला, आणायचं तिला जन्मतःच येतं, मी पगार घेतो तो न आणायला शिकवण्याचा.

तिकडच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या रानातल्या स्पर्धेत, हुकमाआधी धावलेला रिट्रीव्हर थेट बाद होतो. नुसता कुईं कुईं करत बसला तरी बाद. आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या पंच बोटांनी चाचपतात. मोडलेल्या निघाल्या आणि दातांनीच मोडल्या असं ठरलं, तर तोही बाद. हे चावरं तोंड कुठून येतं? पुष्कळदा घरातून. पिल्लानं मोजा उचलला की अख्खं कुटुंब त्याच्या मागे, सोफ्याभोवती प्रदक्षिणा, शेवटी तोंडातून हिसका. पिल्लू शिकतं की माणूस आला म्हणजे आवळून धरायचं. त्याऐवजी बोळात बसा, दारं लावून घ्या. चाळीची गॅलरी तर या कामाला स्कॉटलंडपेक्षा सरस. पिल्लाला परतायला तुमच्यावरूनच वाट. आलं की वस्तूला हात लावू नका, छाती खाजवा, त्याला मिरवू द्या. मग हनुवटीखाली हात धरा, सोडेल ते. आणि चार ते सहा महिन्यांत दात बदलत असतात, तेव्हा डमी बंद. हिरड्या दुखल्या की आणण्याचाच राग येतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. पत्रिकेवरच्या दोन गोष्टी राहिल्यात, तेव्हा पळवतो.

शोधणं: नेहमी वाऱ्याच्या तोंडावर निघा, म्हणजे वास समोरून येतो. तुम्ही स्वतः नागमोडी चाला, पिल्लू तुमच्या पुढ्यातून डावी-उजवीकडे फिरेल. वळायला शिट्टीचे दोन छोटे आवाज. एक लांब आवाज म्हणजे असेल तिथे बसणं. हे बसणं आधी जेवणाच्या ताटलीपुढे पक्कं करा. झुडपातला पक्षी उठवणारा स्पॅनिएल बंदुकीच्या टप्प्यातच हवा, पॉइंट धरणारा पॉइंटर मोकळ्या माळावर शेकडो मीटर गेला तरी चालतो.

पॉइंट: मासे पकडायच्या गळाला पंख बांधून पिल्लाला थिजवलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पाहुण्यांपुढे ठीक आहे. ते डोळ्यांनी चाललेलं असतं, खरा पॉइंट नाकानं होतो. तो उपजत असतो. शिकवायचं ते पुढचं: हुकमाविना पक्षी उठवायचा नाही, उठलाच तर मागे न जाता खाली बसायचं. म्हणून लांब दोरी. उडणारा पक्षी म्हणजे शेवटी तुमचा तो चेंडूच. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरसारखे कुत्रे शोधणं, पॉइंट, आणणं ही तिन्ही कामं करतात. त्यांच्याकडून लहानपणी आणण्याचा अतिरेक करून घेतला, तर ते पॉइंट मोडून झडप घालतात.

बंदुकीच्या आवाजाची सवय राहिली. पिल्लू खाण्यात गुंतलेलं असताना, लांबून, रोज थोडं जवळ. बंदूक तुमच्याकडे नाही, पण दिवाळी आहे. स्टीलचा डबा दोन खोल्या पलीकडे पाडण्यापासून सुरुवात करा, आणि गणपतीतच करा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको. पिल्लू दचकलं तर पुन्हा लांब जा. प्रश्न खाली पार्किंगमध्ये घेऊ, हॉल रिकामा करायचाय.