पगाराचं दार, पट्ट्याचं दार

नमस्कार, श्रोतेहो. कामगाराची तक्रार ऐकायला सरकारची दोन दारं आहेत. पगार, बोनस, कामावरून काढणं हे कामगार आयुक्तांच्या खात्याकडे. यंत्र, यंत्राचा फिरता पट्टा, धूळ, अपघात हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. जुनी माणसं त्याला फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात. पुन्हा सांगतो, पगाराचं दार वेगळं, पट्ट्याचं वेगळं.

मला हे कळलं शेजारच्या अक्कांमुळे. गावाच्या पूर्व भागातल्या एका २५-३० माणसांच्या यंत्रमाग कारखान्यात त्या कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी कांडीवर सूत गुंडाळायच्या. कांडी मशीनच्या पट्ट्यावर जाळी नव्हती. एका दुपारी अक्का वाकल्या आणि पदर पट्ट्यात गेला. पलीकडच्या मागावरच्या पोराने धावत येऊन खटका पाडला, म्हणून गळा वाचला. मनगटाची साल मात्र निघाली. मालकाने मलमाचे पैसे दिले, जाळी काही बसवली नाही.

मी अर्ज लिहिला आणि अक्कांना घेऊन गेलो कामगार आयुक्तांच्या कचेरीत. तिथल्या बाबूंनी अर्ज पूर्ण वाचला, अक्कांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "हजेरीचे पैसे बुडवले असते तर अर्ज मीच घेतला असता. हे यंत्राचं आहे." वरचा पत्ता खोडून त्यांनी दुसरा लिहून दिला. अक्कांना एकच धास्ती, "माझं नाव कळलं तर काम जाईल." दुसऱ्या कचेरीतल्या इन्स्पेक्टरांनी समजावलं, तक्रार कुणी केली हे मालकाला सांगायला कायद्याचीच मनाई आहे. ते आले तेव्हा त्यांनी एकच नाही, सगळ्या मशिनी पाहिल्या. जाळी बसली. हिरवी जाळी. अक्का ती बोटाने वाजवून दाखवायच्या.

फिरता भाग झाकलाच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ मध्येच होतं. सूत रंगवायच्या बॉयलरचं तिसरंच दार, बाष्पके संचालनालय.

जाता जाता एक बोलतो. मिलचा भोंगा बंद व्हायला नको होता. भोंगा झाला की पाळी सुटली हे अख्ख्या गावाला कळायचं, जादा वेळ लपवता यायचा नाही.

असो. अर्जात नुसतं "मशीन धोक्याची आहे" लिहू नका. आमचं तिथेच चुकलं होतं. जागा लिहा: दारातून शिरल्यावर डावीकडे, दुसरी कांडी मशीन, भिंतीकडचा पट्टा.