दारावर उभे राहिलेले कृपाचार्य

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘सौप्तिकपर्व आणि नारायणराव पेशव्यांचा खून’ असा छापला आहे. सौप्तिकपर्व म्हणजे महाभारतातले, पांडवांच्या झोपलेल्या शिबिरावर अश्वत्थाम्याने रात्री केलेल्या हल्ल्याचे पर्व. दोन्ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून मी त्या पहिल्यापासून सांगत बसणार नाही. मला बोलायचे आहे ते एका माणसाविषयी. अनेक वर्षे तो माझ्या मनातून जात नाही आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. अश्वत्थाम्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. नर्मदा परिक्रमा करून आलेल्या मंडळींकडून शूलपाणीच्या झाडीत जखमेसाठी तेल मागणाऱ्या अश्वत्थाम्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. परंतु त्या रात्री त्याच्याबरोबर गेलेले त्याचे मामा, कृपाचार्य, कोणाला दिसल्याचे मी आजवर ऐकले नाही. वास्तविक लहानपणी पाठ केलेल्या सप्तचिरंजीवांच्या श्लोकात भाच्याबरोबर मामाचेही नाव आहे.

अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाहू. दुर्योधन मांडी मोडून पडला आहे आणि कौरवांकडचे अश्वत्थामा, कृपाचार्य आणि यादव वीर कृतवर्मा हे तीनच योद्धे त्याच्याजवळ उरले आहेत. तो कृपाचार्यांना पाण्याचा कलश आणायला सांगतो आणि अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवतो. हा अभिषेक कृपाचार्यांच्या हातून झाला, एवढे ध्यानात ठेवा. पुढे अरण्यातल्या वडाखाली कृप आणि कृतवर्मा झोपी जातात आणि अश्वत्थामा जागा राहतो. झाडावर निजलेल्या कावळ्यांना एक घुबड येऊन मारते, ते पाहून त्याला पांडवांच्या शिबिरावर रात्री तुटून पडण्याची कल्पना सुचते आणि तो दोघांना उठवतो.

यानंतरचा संवाद मला साऱ्या महाभारतातला अत्यंत अस्वस्थ करणारा संवाद वाटतो. कृपाचार्य घाबरट नाहीत, मूर्ख तर मुळीच नाहीत. ते आधी दैव आणि पुरुषार्थ यांविषयी सावकाश, विचारपूर्वक बोलतात. धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांचा सल्ला घेऊ, असे सुचवतात. आज रात्री झोप, सकाळी आम्ही दोघे तुझ्याबरोबर उघड्या रणात उतरू, असे वचन देतात. भाचा ऐकत नाही, तेव्हा ते स्पष्ट शब्दांत सांगतात की झोपलेल्यांना, शस्त्र खाली ठेवलेल्यांना आणि ‘मी तुझाच आहे’ म्हणत शरण आलेल्यांना मारणे लोकांत मान्य नाही. तुझ्यासारख्याच्या हातून हे झाले, तर पांढऱ्यावर तांबडा डाग पडावा तसे ते दिसेल, असेही बजावतात. धर्म याहून नेमका कोणी सांगावा?

अश्वत्थाम्याचे उत्तरही पोकळ नाही. तो म्हणतो, मामा, तुम्ही म्हणता ते खरेच आहे, पण धर्माचा हा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडला आहे. शस्त्र टाकलेला आपला पिता, चाक रुतलेला कर्ण, गदायुद्धाचा नियम मोडून पाडलेला दुर्योधन, असा एकेक प्रसंग तो मोजून दाखवतो. पुढचा जन्म किड्याचा किंवा पतंगाचा मिळाला तरी बेहत्तर, असे म्हणून तो रथ जोडतो.

आणि मग काय होते? कृप आणि कृतवर्मा त्याला म्हणतात, आपण एकत्रच निघालो आहोत, तुझ्या सुखदुःखात आम्ही सहभागी आहोत, आमच्याविषयी शंका घेऊ नकोस. ज्याने क्षणापूर्वी हे कृत्य निंद्य ठरवले, तो आपले एकही वाक्य मागे न घेता रथावर चढतो. त्याचे मत बदललेले नाही, कोणी त्याच्यावर बळजबरीही केलेली नाही. बहिणीचा मुलगा एकटा निघाला आहे, एवढेच कारण मला दिसते. ते कारण आपल्या सर्वांच्या घरात आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते.

शिबिरात अश्वत्थामा शिरला. धृष्टद्युम्नाला त्याने लाथेने उठवले, आणि निदान शस्त्राने तरी मार, अशी विनवणी करणाऱ्या त्या वीराला तुडवून मारले. द्रौपदीचे पाच पुत्र आणि शिखंडीही मारले गेले. मामा त्या वेळी दारावर होते. जीव घेऊन बाहेर पळणाऱ्यांना, निःशस्त्रांना, हात जोडणाऱ्यांना कृप आणि कृतवर्म्याने दारातच कापले आणि शिबिराला तीन ठिकाणी आग लावली. सांगितलेला धर्म आणि केलेले कर्म यांत एका रात्रीचेही अंतर नव्हते.

द्यूतसभेत द्रौपदी पणाला लागली तेव्हा भीष्म, द्रोण आणि कृप यांना घाम फुटला, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे. तिथे घाम फुटला पण शब्द फुटला नाही, वडाखाली शब्द फुटला पण पाय थांबले नाहीत. पुढचा हिशेब तर आणखी विचित्र आहे. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी गेला आणि कृष्णाने त्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप दिला. कृतवर्म्याला प्रभासक्षेत्री सात्यकीने, झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय, असे भर मेजवानीत हिणवले आणि तिथेच त्याचा अंत झाला. कृपाचार्यांना मात्र कोणी काही विचारले नाही. महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिराने परीक्षितीला त्यांच्याच हाती शिष्य म्हणून सोपवले. त्या रात्रीच्या संहारानंतर अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले होते, त्याच गर्भातला हा परीक्षित.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडून आली आहे, म्हणून पत्रिकेवरचा दुसरा भाग मला घाईने मांडावा लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भरदिवसा गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, शनिवारवाड्यात घुसले. 18 वर्षांचे नारायणराव धावत काका रघुनाथरावांकडे गेले आणि त्यांना मिठी मारली. तिथेच त्यांना ठार केले, त्यांच्यावर आडवा पडलेला सेवक चाफाजी टिळेकरही मारला गेला. पुढे लोकांनी सगळे पाप रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावे, हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ करणाऱ्या एका अक्षराच्या खाडाखोडीवर टाकले आणि आपण मोकळे झालो, ही माझी जुनी तक्रार आहे. केवळ धरण्याचाच हुकूम होता, असे क्षणभर मानले तरी, पगार थकलेले भाडोत्री शिपाई हत्यारांसह वाड्यात सोडणाऱ्याला पुढचे दिसत नव्हते काय?

पण माझे लक्ष पुन्हा दारावर जाते. खुनानंतर साताऱ्याहून रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि अनुभवी, जाणते कारभारी त्यांच्याबरोबर मोहिमेवर निघाले. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे ही मंडळी पुढे निमित्ते काढून परतली आणि रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. अन्याय ओळखूनही काही काळ बरोबर चालणे म्हणजे काय, हे त्या महिन्यांनी दाखवले. मी त्यांना कृपाचार्यांच्या पंक्तीला बसवत नाही, कारण ते वाटेतून परत फिरले. नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाईंना त्यांनी पुरंदरावर सुरक्षित नेले. 18 एप्रिल 1774 रोजी तिथे सवाई माधवराव जन्मले आणि 40व्या दिवशी पेशवे झाले. उत्तरेच्या गर्भाची आठवण इथे कोणाला होणार नाही?

पेशवाईचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मात्र त्या वाटेवर एक पाऊलही चालले नाहीत. त्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरले, प्रायश्चित्त विचारल्यावर देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे सांगितले आणि पुणे सोडले. त्यांच्या उत्तराची आपण फार स्तुती करतो. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची कृती. उत्तर तर कृपाचार्यांनीही चोख दिले होते.

सौप्तिकपर्व अवघ्या अठरा अध्यायांचे आहे. घरी गेल्यावर त्यातला निदान पाचवा अध्याय वाचा आणि कृपाचार्य नेमक्या कोणत्या क्षणी रथावर चढले, ते स्वतः शोधा. त्याविषयी आपले काही म्हणणे असेल, तर मला अवश्य कळवा. आता प्रश्नांसाठी थोडा वेळ ठेवून मी थांबतो.