सरजी, पैसा कम है

नमस्कार श्रोतेहो. मी इंदूरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर शिकवतो. पहिलं प्रकरण, कॉम्प्युटरच्या पिढ्या. पहिली व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी आय.सी. मुलं हे घोकायची, पेपरात उतरवायची, आणि बापाच्या गादीवर बसली की साध्या बिलांपाशी अडायची. घोकण्याला माझा विरोध नाही हं! रामरक्षा पाठ हवी, पावकी-निमकीही हवी. आमच्या घरी पाढे म्हटल्याशिवाय पोह्यांवर शेव पडत नसे. असो.

एका वर्षी मी म्हटलं, पुस्तक बाजूला ठेवा, घरच्या दुकानाची आठवड्याची बिलं आणा. सियागंज या इथल्या बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याची मुलगी पिशवीभर बिलं घेऊन आली. जिरं, हळद, धणे. पिशवी उघडली आणि अख्ख्या लॅबला वास! तिनं दोन दिवस बसून सगळं एक्सेलमध्ये भरलं, खाली बेरीज घेतली, छान रंगवलं, आणि प्रिंट काढून कौतुकानं गादीवर नेलं.

तिथं त्यांचे जुने मुनीमजी. लाल वही, कानावर पेन. त्यांनी कागद हातभर लांब धरला, वरून खाली एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘बेटा, इसमें अठारह-साढ़े अठारह हज़ार कम है.’ मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी मुनीमजी स्वतः तिच्याबरोबर लॅबच्या दारात हजर, चपला बाहेर काढून. ‘सरजी, पैसा कम है.’

मी म्हटलं, मशीन चुकत नाही हो. आणि बसलो शोधायला. सूत्र बरोबर. ओळी बरोबर. अर्धा तास गेला, चहा निवला. शेवटी तीच मुलगी म्हणाली, ‘सर, हे तीन आकडे डावीकडे का सरकलेत?’ बघतो तर 6,200/-, 4,800/-, 7,500/-. बिलावर लिहितो तशी तिनं पुढं रेघ मारून ठेवलेली! त्या रेघेमुळे एक्सेलनं त्यांना आकडा न धरता मजकूर धरलं आणि बेरजेतून गुपचूप वगळलं. तिन्ही मिळून 18,500. मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

लक्षात ठेवा श्रोतेहो: आकडा उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. पुन्हा सांगतो, आकडा उजवीकडे, मजकूर डावीकडे. कुणी मुद्दाम मधोमध आणला नसेल तर डोळ्यांनाच कळतं.

जाता जाता मुनीमजींनी आणखी एक दाखवलं. जीएसटीसाठी जिऱ्याचा कोड 0909, हळदीचा 0910. कागदावर मात्र 909 आणि 910. एक्सेलनं पुढचं शून्य गिळलं! शून्यानं सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचंही तेच. म्हणून कोडचा रकाना भरण्याआधीच त्याला मजकूर ठरवून टाकायचं. बेरजेच्या रकान्यात आकडा, कोडच्या रकान्यात मजकूर.

त्यानंतर मी वर्ग उलटा केला. पहिल्या दिवशी बिलांचा ढीग. बेरजेची कळ दाबण्याआधी प्रत्येकानं तोंडी सांगायचं, उत्तर साधारण किती येईल. मुनीमजी तेच तर करत होते! प्रात्यक्षिकात मी तक्त्यात दोन चुका पेरून ठेवतो. ज्याला सापडतील त्याला मार्क. रंगरंगोटीला शून्य. हल्ली लग्नपत्रिकासुद्धा इतक्या रंगवतात की मुहूर्त सापडत नाही.

मुलांना एवढंच सांगतो की हे स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा आकडेमोडीचा तक्ता, जन्मलंच मुळी वाणिज्याच्या वर्गात. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवसायशिक्षण घेत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की बाकीचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्यावरून बॉब फ्रँकस्टनबरोबर त्यानं 1979 मध्ये व्हिजिकॅल्क नावाचं स्प्रेडशीट आणलं. आणि चुका फक्त सियागंजात होतात असंही नाही. 2020 मध्ये इंग्लंडात कोरोनाचे जवळजवळ 16 हजार रुग्ण मोजणीतून निसटले, कारण एक्सेलची फाइल जुन्या पद्धतीची. तिच्यात 65,536 च्या वर ओळीच मावत नाहीत.

पेपरात अजून कॉम्प्युटरच्या पिढ्या विचारतात. त्या आम्ही शेवटच्या आठवड्यात दोन संध्याकाळी उरकतो. मुनीमजी दरवर्षी पहिल्या दिवशी येतात, चपला अजून बाहेरच काढतात.