एअरबॅगच्या वायरीला बल्ब लावू नका

मित्रहो, वणी, पांढरकवडा, घाटंजी अशा गावांतून आज येथे जमलेल्या गॅरेजचालकांशी मी एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलविषयी, म्हणजे धडक ओळखून एअरबॅग फुगवायचा हुकूम देणाऱ्या डब्याविषयी बोलणार आहे. भारतात चालकाची एअरबॅग नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आता वॉरंटी संपून आपल्याच दारी येत आहेत.

हे मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, कन्सोलखाली, तळाच्या पत्र्याला बोल्टने घट्ट बसवलेले असते. आतला त्वरण मोजणारा सेन्सर आणि पुढचे धडक-सेन्सर यांचे संकेत ताडून, ही धडक आहे की नुसता खड्डा, याचा निवाडा ते साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत करते; पांदण रस्त्यावरच्या आदळआपटीने एअरबॅग फुटत नाही ती त्यामुळेच. मात्र बोल्ट सैल असेल, तर गाडीचा हादरा त्याच्यापर्यंत खरा पोहोचत नाही. बोल्ट काढलेले, पण कनेक्टर जोडलेले मॉड्यूल हातात असताना कोणी चावी फिरवली, तर साधा धक्काही घातक ठरू शकतो.

धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी काम अडू नये म्हणून मॉड्यूलमध्ये वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. त्यामुळे चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावरही लगेच कनेक्टरला हात घालू नये. कोठे एक मिनिट, कोठे तीन, कोठे त्याहूनही अधिक थांबावे लागते. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा.

आता आपल्या टेस्ट लॅम्पकडे वळतो, कारण मला खरी धास्ती त्याचीच आहे. एअरबॅगमध्ये वायू भरणारा इन्फ्लेटर पेटवणाऱ्या स्क्विबचा, म्हणजे विजेवर पेटणाऱ्या छोट्या वातीचा रोध जेमतेम दोन ओहम असतो आणि साधारण १.२ अँपिअरचा प्रवाह दोन मिलिसेकंद मिळाला की तो पेटतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्याच वायरीत जोडला, तर यापेक्षा जास्त प्रवाह जातो. तार थंड असताना तर कितीतरी जास्त. म्हणजे एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर बल्ब लावून ‘करंट येतो का’ पाहणारा माणूस स्टीअरिंगसमोर बसून वात पेटवत असतो. साध्या मल्टिमीटरनेही स्क्विबचा रोध मोजू नये. दोष स्कॅनरवर वाचावा. डॅशबोर्डवरचा दिवा विझवण्यासाठी एअरबॅगच्या जागी तेवढ्याच रोधाचा नुसता रेझिस्टर जोडण्याला मी दुरुस्ती म्हणत नाही, ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

काढलेली एअरबॅग नेताना तिची उघडणारी बाजू अंगापासून दूर धरावी आणि ठेवताना तीच बाजू वर ठेवावी, म्हणजे चुकून फुटलीच तर ती उडून अंगावर येणार नाही.

वर्धा नदीच्या पुरात सापडलेली गाडी आली, तर आधी कार्पेट उचलून पाहावे. गाळ कन्सोलखाली पोहोचला असेल, तर चावी न लावता बॅटरी सोडवावी, ठरलेला वेळ थांबून मॉड्यूल काढावे आणि ते वाळवून परत बसवण्याऐवजी बदलण्याचा खर्च गिऱ्हाइकाला त्याच वेळी सांगावा.